पोच आली, आता उत्तर द्यायचे का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कृष्णाकाठच्या एका गावी आमचा रात्रीचा वर्ग चालतो. त्या वर्गाला एक आक्का येतात. वय पन्नाशीच्या घरात. वाचायला शिकून त्यांना दीड वर्ष झाले. कधी उशीर करीत नाहीत. त्या दिवशी मात्र उशिरा आल्या, नि दारातूनच म्हणाल्या, "बाई, पोराचा अर्ज म्हागारी आला."

आम्ही म्हटले, आधी बसा. पाणी प्या. मग सांगा.

आक्कांचा मुलगा आयटीआय झालेला. फिटरचे काम शिकलेला. शिरवळ, सातारा, पलूस, कुपवाड, मिरज, जिथे जिथे कारखाने आहेत तिथे तो अर्ज टाकत होता. आता अर्ज म्हणजे कागद, पाकीट, तिकीट असे राहिले नाही. अर्ज ईमेलने जातो. ईमेल म्हणजे फोनवरचे टपाल. इकडून पाठवले की क्षणात तिकडे.

एका कारखान्याकडून पाच मिनिटांत पत्र आले. 'आपला अर्ज मिळाला. आपण अर्ज केलात याबद्दल आभारी आहोत. आपला अर्ज क्रमांक अमुक. पुढील टप्प्यासाठी निवड झाल्यास कळवू.' घरात आनंद झाला. मुलाचे वडील जुन्या वळणाचे. ते म्हणाले, "एवढ्या मोठ्या सायबानं आपल्याला पत्र घातलं. आभार मानलं. आनि आपन गप बसायचं? उलट टपाली उत्तर धाड."

मुलाने रात्री बसून उत्तर लिहिले. चांगले दोन पाने भरतील एवढे. घरची परिस्थिती लिहिली. दोन एकर जमीन, त्यातली एक नदीबुड, तेही लिहिले. पाठवून दिले. सकाळी उठून बघतात तर फोनवर एक इंग्रजी पत्र. शेजारच्या पोराने वाचून सांगितले, 'तुमचं पत्र पोचलं नाही. परत आलंय.'

वडिलांनी कपाळाला हात लावला. मुलगा म्हणाला, "जाऊ द्या. मी मामासंगं गलाईला जातो तामिळनाडूत." घरात कोणी धड जेवले नाही.

मंडळी, अर्ज परत आला नव्हता. अर्ज कारखान्यात पोचलेलाच होता. परत आले ते उत्तर. दोन्हींत फार अंतर आहे. पण ते अंतर माहीत नसले तर माणूस हातपाय गाळून बसतो, म्हणून आज हा धडा.

कारखान्याकडून आलेल्या त्या पहिल्या पत्राला 'पोच' म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचा आहे. ग्रामपंचायतीत अर्ज दिला की आपण दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतो, आवक नंबर घेतो. ती पोच. तलाठ्याकडे अर्ज दिला, पोच घेतली. पोच म्हणजे 'तुमचे मिळाले' एवढेच. काम झाले असे नाही, नाकारले असेही नाही.

उसाचे उदाहरण घ्या. आपल्याकडे ते सगळ्यांना कळेल. ऊस लावला की आपण कारखान्याच्या शेती ऑफिसात नोंद करतो. नोंदीची चिठ्ठी मिळते. चिठ्ठीवर लागणीची तारीख, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात. ती चिठ्ठी मिळाली म्हणून कोणी कारखान्याला 'आपली चिठ्ठी मिळाली, आभारी आहे' असे लिहितो का? नाही लिहीत. घडी करून कपाटात ठेवतो. नि चिठ्ठी मिळाली म्हणजे उद्या टोळी फडात उतरणार असेही कोणी समजत नाही. नोंद झाली म्हणजे तोड आली नव्हे. तोडीची पाळी आली की चिटबॉय येऊन सांगतो. त्या वेळी मात्र झोपून चालत नाही. आपण बेफिकीर राहिलो तर पाळी पुढच्या शेतकऱ्याला जाते, नि आपला ऊस तुरे येईस्तोवर उभा.

नोकरीच्या अर्जाची पोच म्हणजे ही नोंदीची चिठ्ठी. तिला उत्तर लागत नाही.

आक्कांच्या घरधन्यांना हे पटेना. ते दुसऱ्या दिवशी स्वतः वर्गावर आले. म्हणाले, पत्राला उत्तर न देणे ही माणूसघाणी रीत आहे. आम्हाला त्यांचे म्हणणे खोटे वाटले नाही. आपल्याकडे पत्राला पत्र हीच रीत. 'पत्र पोचले, वाचून आनंद झाला, इकडील सर्व क्षेम' असे लिहिल्याशिवाय आपल्या वडीलधाऱ्यांचे पत्र पुढे सरकत नसे. आणि पूर्वी काम देणारा माणूस डोळ्यांपुढे असायचा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. माळ ओसाड, वस्ती लहान. अशा ठिकाणी काम मागायचे तर माणूस पायांनी जाणार, समोर उभा राहणार, रामराम घालणार. समोरच्याने रामराम घातला नि आपण तोंड फिरवले तर तो उद्धटपणाच झाला.

पण या पत्रात समोर कोणी उभेच नाही. इथे आम्ही त्यांना मनीऑर्डरची आठवण दिली. सातारा-सांगलीची किती माणसे मुंबईच्या गिरण्यांत होती! १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला नि पुढे ते दिवस सरले. त्याआधी गावोगाव महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर यायची. पोस्टमन आईची सही नाहीतर अंगठा घ्यायचा. तो कागद मुंबईला मुलाकडे परत जायचा. ती पोच. पैसे पोचले, एवढे मुलाला कळले. मग मुलगा त्या पोचेला उत्तर लिहायचा का? 'आई, तुझा अंगठा मिळाला' असे? आणि त्याने लिहिले असते, तर आईने पुन्हा 'तुझे अंगठ्याबद्दलचे पत्र मिळाले' असे कळवायचे. पोचेला पोच, त्या पोचेला पोच. ही साखळी संपायची कधी?

आबा हसले. "म्हंजे आमी सायबाला अंगठ्याचं पत्र धाडलं तर!" म्हणाले, आणि खाली बसले.

आता ते उत्तर परत का आले, ते बघू. पोचेचे पत्र बहुतेक वेळा माणूस लिहीत नाही. कारखान्याच्या संगणकात मजकूर आधीच भरून ठेवलेला असतो. अर्ज आला, की संगणक त्यात अर्जदाराचे नाव नि क्रमांक घालतो आणि पत्र पाठवतो. रात्री दोन वाजता अर्ज केला तरी दोन वाजून एक मिनिटाला पोच येते. त्या वेळी कुठला साहेब जागा असणार? म्हणून पाच मिनिटांत पत्र आले तर ओळखावे, हे यंत्राचे काम.

पत्र पाठवणाऱ्याचा पत्ता वर लिहिलेला असतो. पत्त्याच्या मध्ये एक गोल चिन्ह असते, त्याला ॲट म्हणतात. ॲटच्या अलीकडचा भाग म्हणजे माणसाचे किंवा खात्याचे नाव. पलीकडचा भाग म्हणजे घराचे नाव. अलीकडच्या भागात 'नो-रिप्लाय' असे लिहिलेले असेल, म्हणजे इंग्रजी एन, ओ, मग आर, ई, पी, एल, वाय, तर त्याचा अर्थ 'इथे उत्तर पाठवू नका' असा. त्या पत्त्यावरून पत्रे निघतात, आलेली पत्रे तिथे कोणी वाचत नाही. तिथे पाठवलेले उत्तर कधी परत येते, कधी नुसतेच पडून राहते. यात ना तुमचा अपमान, ना साहेबाचा राग.

एवढे सांगून आम्ही निश्चिंत झालो. वर्गात सगळ्यांनी लक्षात ठेवले, 'पोचेला उत्तर नाही.' पण आम्ही धडा अर्धाच सांगितला होता. त्याचे फळ तीन आठवड्यांनी दिसले.

एका मंगळवारी रात्री आक्का मुलाचा फोन घेऊन वर्गाला आल्या. मुलगा घरी झोपला होता. दुसऱ्या एका कारखान्याचे पत्र सकाळीच येऊन पडले होते. मुलाने वरच्या दोन ओळी वाचल्या. 'आपला अर्ज मिळाला. आपण अर्ज केलात याबद्दल आभारी आहोत.' तो म्हणाला, पोचच आहे, आणि फोन ठेवून दिला. त्याचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. आम्हीच तसे शिकवले होते.

आक्कांना मात्र वाचायची सवय करायची होती. त्यांना जे मिळेल ते वाचायचे असते. खताच्या पोत्यावरचे, एसटीतल्या पाटीवरचे, काहीही. पत्र इंग्रजीत होते. फोनमध्ये भाषांतराची सोय असते, ती आमच्या वर्गातल्या एका मुलीने लावून दिली. मराठी अक्षरे आली. आक्का बोट धरून एकेक शब्द वाचू लागल्या. मध्येच थांबल्या. "बाई, पोरगं फिटर हाय. ह्यानी व्यापाराची परीक्षा कशाला घ्यायला लागलेत?"

आम्ही बघितले. यंत्राने 'ट्रेड टेस्ट'चे 'व्यापार चाचणी' असे भाषांतर केले होते. ट्रेड टेस्ट म्हणजे हातच्या कामाची परीक्षा. फिटरला कानस, करवत, मोजमाप देऊन काम करून दाखवायला सांगतात ती. यंत्राच्या भाषांतराला हसावे, पण ते सोडू नये. तारीख, वार, वेळ, पैसे आणि फोन नंबर एवढे मूळ पत्राशी ताडून बघावे. आकडे तर तेच असतात.

आक्कांनी शेवटची ओळ वाचली. 'मुलाखत गुरुवारी सकाळी १० वाजता. येणार असल्यास बुधवारी सायंकाळी ५ पर्यंत याच पत्राला उत्तर देऊन कळवावे. न कळवल्यास आपण इच्छुक नाही असे समजले जाईल.'

वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही. बुधवार म्हणजे उद्या.

वरून ते पत्र पोचेसारखे होते. खालून ती तोडीची चिठ्ठी होती. वरच्या दोन ओळी सगळ्याच पत्रांत सारख्या असतात. म्हणून पत्र शेवटपर्यंत वाचायचे. त्यात आपल्याला काही विचारले आहे का, एवढे शोधायचे. येणार का, कधी येणार, दाखला पाठवा, फोन नंबर कळवा, पगाराची अपेक्षा सांगा, असे काही असेल तर ती नुसती पोच नव्हे. तिला उत्तर द्यायचे, आणि त्याच दिवशी द्यायचे. काही विचारले नसेल, तर अर्ज क्रमांक वहीत उतरून घ्यायचा नि गप बसायचे.

मुलाला उठवून आणले. वर्गातच बसून त्याने उत्तर लिहिले. ते असे:

'महोदय, आपले पत्र मिळाले. गुरुवारी सकाळी १० वाजता मुलाखतीस व ट्रेड टेस्टसाठी मी हजर राहीन. आयटीआयचे मूळ प्रमाणपत्र व आधार कार्ड सोबत आणीन. माझा अर्ज क्रमांक व फोन नंबर खाली दिला आहे. आपला नम्र.'

पाच ओळी. जमिनीचे काही नाही, परिस्थितीचे काही नाही. पत्र वाचणाऱ्यापुढे अशी ढीगभर पत्रे असतात. त्याला हवे ते पहिल्या दोन ओळींत सापडले पाहिजे. पत्र इंग्रजीत असले नि आपल्याला इंग्रजी येत नसले, तर मराठीत लिहावे. चुकीच्या इंग्रजीपेक्षा सरळ मराठी बरी. सरकारी खात्याला तर मराठीत लिहायला संकोचच नको. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने महाराष्ट्राच्या कारभाराची भाषा मराठीच ठरवली आहे.

त्या रात्री आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. आजच्या सांगली जिल्ह्याला तेव्हा दक्षिण सातारा म्हणत. गावेच्या गावे साक्षर करायची, अशी ती मोहीम. पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. आलेले पत्र वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जाण्याची पाळी अडाणी माणसावर तेव्हा नित्याचीच होती. आज पत्र फोनवर येते, एवढाच फरक. शिकलेला मुलगा दोन ओळी वाचून फोन ठेवतो, नि नव्याने शिकलेली आई शेवटची ओळ वाचते.

आता एक वाईट प्रकार सांगायचा राहिला. पोचेसारखी दिसणारी खोटी पत्रेही येतात. एका मोठ्या कंपनीच्या नावाने आमच्या ओळखीच्या एका मुलाला असे पत्र आले. वर कंपनीचे चिन्ह, खाली सही, शिक्का. 'आपला अर्ज मिळाला. आपली निवड झाली आहे. गणवेश व ओळखपत्रासाठी अडीच हजार रुपये भरा. नंतर ते परत मिळतील.' मुलाने 'धन्यवाद, भरतो' असे उत्तर दिले. लगेच फोन आला. बोलणारा गोड. अडीच हजार गेले, मग वैद्यकीय तपासणीचे चार हजार गेले. गंमत अशी, की त्या कंपनीत त्याने अर्जच केला नव्हता! आईने गळ्यातले मणी मोडून पैसे दिले होते. तिला आम्ही काय सांगणार?

म्हणून पोच आली की आधी वही उघडावी. इथे आपण अर्ज केला होता का? नसेल केला, तर ही पोच कसली? पत्र पैसे मागत असेल, तर त्याला उत्तरच देऊ नये. 'पैसे नाहीत' असेही लिहू नये. आपण उत्तर दिले की भामट्याला कळते, या पत्त्यावर माणूस आहे, नि तो पाठ धरतो. कामावर घेण्यासाठी कोणतीही नेकीची कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. कित्येक कंपन्या तसे जाहीरच लिहून ठेवतात. सरकारी परीक्षेची फी असते, हे खरे. पण ती अर्ज भरताना, सरकारच्या ठरलेल्या ठिकाणी भरायची असते. निवड झाल्यावर कोणाच्या खासगी खात्यावर नव्हे. फोनवर आलेला ओटीपी, म्हणजे बँकेचा गुप्त आकडा, तर कोणालाच सांगू नये.

ॲटच्या पलीकडचे घराचे नाव इथे कामाला येते. मोठ्या कंपनीचे पत्र असेल तर तिथे तिचे स्वतःचे नाव असते. तिथे नुसते जीमेल असेल तर सावध व्हावे. पण तेवढ्यावरून चोर ठरवू नये. आपल्या भागातले लहान वर्कशॉप, दूधसंस्था, पतसंस्था जीमेलच वापरतात. अशा वेळी तालुक्याला जाताना तिथे डोकावून विचारावे. कारखाना दहा कोसांवर असताना फोनवर का विसंबावे?

पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नये. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करावा. हा सरकारचा नंबर आहे, सगळ्या देशाला एकच. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडवता येण्याची आशा जास्त. मग पोलीस ठाण्यात जावे. ते खोटे पत्र पुसून टाकू नये. तोच पुरावा.

वर्गात एका गड्याने विचारले, "पोच आली, नि पुढं म्हैना झाला तरी काहीच न्हाई. मग गपच बसायचं व्हय?" प्रश्न रास्त आहे. तीनेक आठवडे वाट बघावी. मग एकदा विचारावे. त्यासाठी पोचेत दिलेला चौकशीचा पत्ता किंवा फोन बघावा. अर्ज क्रमांक लिहावा, अर्जाची तारीख लिहावी, नि 'माझ्या अर्जाचे काय झाले ते कृपया कळवावे' असे एका ओळीत विचारावे. क्रमांक नसेल तर हजार अर्जांत तुमचा अर्ज कोण शोधणार? म्हणून पोच जपून ठेवायची. रोज विचारू नये. रोज विचारले की माणूस वैतागतो, हे गावकीतही खरे, कचेरीतही खरे. आणि दरम्यान दुसरीकडे नोकरी लागली, तर पहिल्या ठिकाणी 'मी आता येऊ शकत नाही' असे मात्र आपण होऊन कळवावे. त्या जागेसाठी दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा थांबलेला असतो.

आणखी एक. ईमेलमध्ये 'स्पॅम' नावाचा एक कोपरा असतो. नको असलेली पत्रे फोन तिकडे ढकलतो. कधी कधी खरे पत्रही तिकडेच जाऊन पडते. अर्ज केला असेल तर दोन दिवसांनी एकदा तो कोपरा झाडून बघावा.

आक्कांचा मुलगा गुरुवारी पहिल्या एसटीने गेला. हातच्या कामात तो पास झाला. पण जागा दोनच होत्या, त्या दोघा अनुभवी माणसांना मिळाल्या. चार दिवसांनी तसे पत्र आले. या वेळी पत्र यंत्राचे नव्हते. खाली एका बाईंचे नाव होते, फोन नंबर होता, नि 'आपले काम नेटके होते, पुढे जागा निघाल्यास कळवू' अशी ओळ होती.

आबांनी पत्र वर्गात आणले. "आता ह्याला उत्तर द्यायचं का न्हाई?" सगळे बोलू लागले. काही जण म्हणाले, नोकरी दिली नाही, उत्तर कशाला? काही म्हणाले, पत्रात काही विचारलेच नाही. दोन्ही म्हणणी बरोबर. आमचे मत असे पडले, की माणसाने आपल्या हाताने लिहिलेय, तर माणसाने उत्तर द्यावे. लागत नाही, पण द्यावे. आबांचे समाधान झाले. मुलाने लिहिले, 'आपले पत्र मिळाले. आभारी आहे. पुढे जागा निघाल्यास जरूर कळवावे.'

सध्या मुलगा पलूसकडच्या एका लहान वर्कशॉपमध्ये रोजावर आहे. अर्ज टाकणे चालू आहे. आक्कांनी त्यासाठी एक दोनशे पानी वही केली आहे. कारखान्याचे नाव, अर्जाची तारीख, अर्ज क्रमांक, असे रकाने आखलेत. परवापर्यंत नऊ नावे झाली होती. त्यांतल्या सहांपुढे आक्कांच्या मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिले आहे, 'पोच आली.' एका नावापुढे लिहिले आहे, 'सोमवारी येतो म्हणून कळवले.'